औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा नकाशा पुढें घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यास एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत येईल. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. आणि तेथून शंभर मैलांच्या आंत पूर्वेकडे, दहिवडी, म्हसवड, आटपाडी या बाजूस जावें, तों तोच पाऊस विसांच्या घरांत येतो, व कित्येक वर्षीं तेवढाहि येत नाहीं. मेघांचें सारें दान सह्याद्रीनें अगोदरच ओंजळींत घेतलेलें असतें. पूर्वेस पोंचतो तो केवळ वारा. हा माणदेश. माण नदी ह्याच मुलखांत उगम पावते, परंतु वर्षांतील पुष्कळ महिने तिच्या पात्रांत वाळूच काय ती दिसते. बोरी-बाभळींचीं माळरानें, बाजरी, हुलगे आणि मटकी हीं पिकें, मेंढरांमागें गांवोगांव हिंडणारे धनगर, आणि ज्यांच्या पांढऱ्या तेजस्वी अंगाचें कौतुक बाजारोबाजारीं होतें ते खिलार बैल, हें येथील वैभव. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेंत हें खिलार धन ज्यानें एकदां पाहिलें, तो या देशास दरिद्री म्हणावयास धजणार नाहीं.

या कोरड्या मुलखाचा बराचसा भाग ज्यांच्या राज्यांत मोडत होता, त्या औंधच्या श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. त्यांचें नांव आमच्या घरोघरीं सूर्यनमस्कारांमुळें ठाऊक आहे; बाकीचें बहुतेक विस्मृतींत गेलें आहे.

प्रतिनिधिपद हें छत्रपति राजाराममहाराजांच्या काळीं निर्माण झालेलें. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्या पराक्रमानें तें या घराण्यांत आलें, आणि त्यांचे पुत्र श्रीपतराव हे शाहूछत्रपतींच्या दरबारांत पेशव्यांच्याहि बरोबरीनें बोलणारे मुत्सद्दी होऊन गेले. पुढें राज्य गेलें, संस्थान राहिलें. तेंहि कसें, तर एखादी काचेची बरणी हातांतून पडून तुकडे चहूंकडे उडावे तसें! औंध आणि किन्हई सातारच्या बाजूस, कुंडल कृष्णाकांठीं, आटपाडी माणदेशांत, आणि गुणदाळ तर पार विजापुराकडे. सारें मिळून क्षेत्रफळ सुमारें 500 चौरस मैल आणि गांवें सत्तरांच्या आसपास. एका भागांतून दुसऱ्या भागांत जावयाचें म्हणजे मध्यें इंग्रजी मुलूख ओलांडावा लागे.

अशा घरांत 24 ऑक्टोबर 1868 रोजीं बाळासाहेबांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असतां 1876-77 चा भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळांत लोकांच्या हातांस काम मिळावें म्हणून माण नदीवर राजेवाडीचा, ज्यास म्हसवडचा तलाव असेंहि म्हणतात तो, बांधावयास घेतला गेला. आजहि त्या तलावाच्या बांधावर उभें राहिलें म्हणजे किती हातांनीं ही माती वाहिली असेल या विचारानें मन गप्प होतें. बाळासाहेबांचें शालेय शिक्षण साताऱ्यास झालें, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून ते बी.ए. झाले. त्या काळीं संस्थानिकांच्या मुलांत पदवीधर विरळा. ते धाकटे पुत्र. गादी आपणांस मिळेल अशी अपेक्षा त्यांनीं धरण्याचें कारण नव्हतें. वडिलांच्या हाताखालीं त्यांनीं कारभाराचें काम केलें, चित्रकला जोपासली, कीर्तनें केलीं. वडिलांमागून थोरले बंधु व त्यांच्यामागून पुतणे गादीवर आले. पुतण्यांस इंग्रज सरकारनें पदच्युत केलें, आणि 1909 च्या नोव्हेंबरांत, वयाचीं एकेचाळीस वर्षें पूर्ण झालीं असतां, बाळासाहेब औंधचे अधिपति झाले.

राजानें काय करावें हा प्रश्न अशा लहानशा, कोरड्या आणि विखुरलेल्या संस्थानांत मोठा बिकट होता. फौज नाहीं, खाणी नाहींत, बंदर नाहीं. पावसावर हुकूम चालत नाहीं. बाळासाहेबांनीं पहिल्याच वर्षीं जें केलें त्यावरून त्यांच्या दृष्टीची कल्पना येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगांव सोडून आपला नांगरांचा कारखाना दुसरीकडे हलवावा लागत होता. बाळासाहेबांनीं 1910 सालीं त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलें. जमीन म्हणजे काय, निवडुंगाचें रान आणि नागांची वस्ती! शहाण्या माणसानें फुकट मिळाली तरी घेऊं नये अशी. लक्ष्मणराव व त्यांच्या सोबत्यांनीं निवडुंग तोडला, साप मारले, विहिरी खणल्या, आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. पुढें रेल्वेनेंहि स्टेशनाचें नांव बदलून तेंच केलें. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा कांचकारखानाहि औंध संस्थानच्याच आश्रयास उभा राहिला. ज्या भूमींत धान्य पिकत नाहीं तींत उद्योग पिकवावा, असें जणुं त्यांचें धोरण होतें.

येथें क्षणभर सातासमुद्रांपलीकडे जाऊं. अमेरिकेच्या पश्चिम भागांत असाच, किंबहुना याहूनहि रुक्ष, असा अफाट प्रदेश आहे. जॉन वेस्ली पॉवेल या गृहस्थांनीं युद्धांत एक हात गमावला असतांहि 1869 सालीं होड्यांतून कोलोरॅडो नदीच्या खोल दऱ्यांचा प्रवास केला, आणि 1878 सालीं आपल्या सरकारास अहवाल सादर केला. जेथें वीस इंचांहून कमी पाऊस पडतो तेथें केवळ पावसाच्या भरंवशावर शेती उभी राहत नाहीं, आणि पाण्याचा कारभार तेथील लोकांनींच एकत्र येऊन आपल्या हातीं घ्यावा, असा त्या अहवालाचा मथितार्थ होता. त्यांचें म्हणणें फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. आमच्या आटपाडीच्या माळावर गांवकऱ्यांच्या हातीं कारभार देण्याचा प्रयोग त्यानंतर साठ वर्षांनीं झाला, तो कसा हें आतां पाहूं.

परंतु त्याआधीं बाळासाहेबांच्या दुसऱ्या अंगाविषयीं सांगितलें पाहिजे, कारण मला स्वतःला तें अधिक प्रिय आहे. हे राजे हातीं कुंचला घेऊन बसणारे होते. 1916 सालीं त्यांनीं स्वतः काढलेल्या चित्रांचें चित्ररामायण प्रसिद्ध झालें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें प्रचंड काम अंगावर घेतलें, त्यास त्यांनीं एक लाख रुपये देऊं केले, आणि जुन्या शिल्पांचा अभ्यास करून त्या ग्रंथासाठीं चित्रेंहि स्वतः सिद्ध केलीं. पैसे देणारे राजे पुष्कळ झाले. पैसे देऊन वर कामासहि बसणारे किती झाले? चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्यास गेले, आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. वेरुळावर 1929 सालीं व अजिंठ्यावर 1932 सालीं त्यांनीं प्रवाशांस उपयोगी पडतील असे ग्रंथ लिहिले. आपल्या देशांतील स्थळें आपण पायांनीं जाऊन आणि डोळे उघडे ठेवून पाहावीं, हा धडा त्यांनीं उपदेश न करतां दिला.

औंधास जाणें अवघड नाहीं. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गें सुमारें चाळीस किलोमीटरांवर हें गांव आहे. यमाईचा डोंगर लांबूनच दिसूं लागतो. प्रभु रामचंद्रांनीं देवीस माई म्हणून हांक मारली, त्या हांकेवरून तिचें नांव यमाई पडलें, अशी आख्यायिका तेथील लोक सांगतात. त्याच डोंगराच्या चढणीवर बाळासाहेबांनीं बांधविलेलें भवानी वस्तुसंग्रहालय 1938 सालीं सुरू झालें. चित्रांवर ऊन न पडतां वरून सारखा मंद उजेड यावा, अशी त्या इमारतीची रचना आहे. राजा रविवर्म्याची सैरंध्री तेथें आहे, धुरंधरांचीं शिवचरित्रावरील चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराची माता व बालक यांची एक पाषाणमूर्तिहि आहे. लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांनीं जिचा अभिमान धरावा अशी ती मूर्ति खटाव तालुक्यांतील एका खेड्यांत मेंढपाळांच्या मुलांनीं कुतूहलानें पाहावी, यांत मोठी मौज आहे.

कोणी विचारील, ज्या राज्यांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची वाण, तेथें चित्रांवर इतका खर्च कशास? प्रश्न खोटा नाहीं, आणि तो मनांत येऊं नये इतका मी भाबडाहि नाहीं. परंतु हें धन त्यांनीं वाड्याच्या दिवाणखान्यांत कुलुपांत ठेवलें नाहीं. चार आण्यांचाहि धनी नसलेल्या माणसास तें पाहतां यावें म्हणून डोंगराच्या वाटेवर मांडलें.

सूर्यनमस्कारांविषयीं मात्र ते कडक होते. स्वतः वृद्धापकाळापर्यंत रोज पहांटे घालीत, आणि संस्थानांतील शाळांतून मुलामुलींकडूनहि घालवीत. एखाद्या थंडीच्या सकाळीं त्या मुलांना राजेसाहेबांविषयीं काय वाटत असेल, ह्याची कल्पना आमच्या विद्यार्थ्यांना सहज करतां येईल! त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक 1938 सालीं लंडनमध्यें निघालें, आणि आज परदेशांत योगवर्गांतून जे नमस्कार घातले जातात त्यांच्या प्रसारास ह्या पुस्तकाचा हातभार लागला. औंधच्या शाळेंत गरीब मुलांचीहि सोय होई. साने गुरुजी कांहीं काळ तेथें शिकले. आटपाडी महालांतील माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर तेथें शिकले. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर 1918 पासून तीस वर्षें औंधास राहून ग्रंथ छापीत होते.

आतां त्या प्रयोगाकडे वळूं. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्ड येथें शिकून व बॅरिस्टर होऊन 1937 च्या सुमारास परतले. मॉरिस फ्रीडमन नांवाचे एक पोलिश एंजिनिअर, ज्यांना भारतानंद या नांवानेंहि ओळखीत, त्यांचा आणि अप्पासाहेबांचा स्नेह जमला. सारी सत्ता प्रजेच्या हातीं द्यावी असा विचार निघाला. सत्तरीच्या राजानें तो ऐकून घेतला. ऐकून घेतला एवढेंच नव्हे, तर 1938 च्या नोव्हेंबरांत, आपल्या वाढदिवसाच्या प्रसंगीं, तसें जाहीरहि केलें. पितापुत्र व फ्रीडमन यांनीं गांधीजींचा सल्ला घेतला. राज्यघटनेचा आराखडा सेवाग्रामीं त्यांच्याच देखरेखीखालीं तयार झाला, आणि 21 जानेवारी 1939 रोजीं ती अमलांत आली. प्रत्येक गांवानें पांच पंच निवडावे, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिति व्हावी, तिच्यांतून संस्थानची विधिसभा व्हावी, अशी ती रचना होती. शाळा, पाणी, रस्ते आणि गांवांतील तंटे यांचा निर्णय गांवांतच व्हावयाचा. हिंदुस्थानांत शेंकडों संस्थानें होतीं. तेथें प्रजा हक्कांसाठीं झगडत होती, तुरुंगांत जात होती. येथें राजानें न मागतांच कुलुपाची किल्ली काढून दिली.

त्याच वर्षीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. खुनासारख्या गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांस बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय, माळावर शेती करीत ठेवावयाचें, ही कल्पना फ्रीडमन यांची. इतर ठिकाणीं तिला वेडेपणा म्हटलें असतें. औंधच्या राजानें होकार दिला. भोंवतीं तार नाहीं, आणि पळूं म्हणणाऱ्यास चहूं दिशा मोकळ्या. असा हा तुरुंग!

सारें सुरळीत चाललें असें मात्र कोणी समजूं नये. पिढ्यान्‌पिढ्या वरच्या हुकुमाची वाट पाहणाऱ्या गांवांना एकाएकीं आपल्या पायांवर उभें राहणें जड गेलें. जुनीं भांडणें पंचायतींतहि शिरलीं. पाऊस पूर्वीसारखाच रुसत राहिला. 1942 नंतर साताऱ्यास प्रतिसरकारची चळवळ पेटली, तेव्हां कुंडल हें तिचें एक मुख्य ठाणें होतें, आणि इंग्रजी हद्दींतून निसटलेल्या कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दींत आसरा मिळे. इंग्रज सरकारास हें कळत नव्हतें असें नाहीं. त्याच्या एका शब्दानें गादी गेली असती. पुतण्याची गेलेली बाळासाहेबांनीं डोळ्यांनीं पाहिलीच होती.

8 मार्च 1948 रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर औंधहि मुंबई प्रांतांत विलीन झालें. प्रयोगास पुरतीं दहा वर्षेंहि मिळालीं नाहींत. तुकड्यातुकड्यांचें तें राज्य पुनः तुकड्यांनींच वांटलें गेलें. आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यांत आहेत, औंध सातारा जिल्ह्यांत. त्याच वर्षींच्या प्रारंभीं गांधीजींच्या हत्येनंतर या भागांत जाळपोळ झाली, आणि पंडित सातवळेकरांनीं औंध सोडून गुजरातेंतील पारडीस बिऱ्हाड हलविलें. वृद्ध राजानें हें सर्व पाहिलें. 13 एप्रिल 1951 रोजीं, वयाच्या 83 व्या वर्षीं, बाळासाहेबांनीं देह ठेविला. त्या वेळीं अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे प्रतिनिधि म्हणून पूर्व आफ्रिकेंत काम करीत होते.

त्यानंतर सहा वर्षांनीं, 1957 सालीं, व्ही. शांताराम यांचा दो आंखें बारह हाथ हा चित्रपट निघाला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, अशी ती गोष्ट. ती लिहिली औंधच्याच शाळेंत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनीं, आणि तिचें मूळ स्वतंत्रपुरांत होतें. आतां टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी आटपाडीपर्यंत आलें आहे, आणि हुलग्यांच्या रानांत डाळिंबाच्या बागा डोलत आहेत. स्वतंत्रपूर अजून तेथेंच आहे. तेथील बंदिवान अजून शेती करतात, आणि सायंकाळीं आपापल्या घरीं परततात.