खुराड्यातील चित्रशाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वाइट नावाचे एक लहानसे बेट आहे. या बेटावरील फ्रेशवॉटर या खेड्यात १८६३ सालच्या डिसेंबर महिन्यात ४८ वर्षांच्या एका गृहिणीला तिच्या लेकीने आणि जावयाने एक भेट दिली. ती भेट म्हणजे लाकडी पेटीचा एक कॅमेरा होता. पती सिलोनमधील आपल्या कॉफीच्या मळ्यांची पाहणी करण्यासाठी गेलेले, मुलेही मोठी होऊन पांगू लागलेली. एकटेपणात आईचे मन रमावे, एवढाच त्या भेटीमागील हेतू होता. या छंदापायी पुढील अकरा-बारा वर्षांत आईचे हात रसायनांनी काळे पडतील, घरातील टेबलावरच्या चादरी डागाळतील आणि तिचे नाव छायाचित्रणाच्या इतिहासात कायमचे नोंदले जाईल, याची कल्पना देणाऱ्यांना आणि घेणारीलाही नव्हती. या गृहिणीचे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन.

कॅमेरॉनबाई जन्माने कोलकात्याच्या. ११ जून १८१५ रोजी गार्डन रीच या भागात त्यांचा जन्म झाला. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अधिकारी होते, तर आई फ्रेंच उमराव घराण्यातील होती. त्यांचे बालपण बहुतांशी फ्रान्समध्ये आजीजवळ गेले. पुढे भारतात परतल्यावर प्रकृती सुधारण्यासाठी त्या १८३६ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे गेल्या. तेथे त्यांना दोन माणसे भेटली. एक होते चार्ल्स हे कॅमेरॉन. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार करणाऱ्या विधी आयोगाचे ते सदस्य होते. (तीच दंडसंहिता १८६० साली संमत झाली आणि २०२४ सालच्या जूनअखेरपर्यंत आपल्या देशात लागू होती.) ज्युलियांपेक्षा वीस वर्षांनी वडील असलेल्या या कायदेपंडिताशी १८३८ साली कोलकात्यात त्यांचा विवाह झाला. दुसरे गृहस्थ म्हणजे विख्यात खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. कागदावर उमटलेले छायाचित्र उजेडात पुन्हा काळे पडू नये, म्हणून ते ज्या द्रावात बुडवून पक्के करतात, त्या हायपोचा गुण हर्शेल यांनीच शोधून काढला होता. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्यांनीच छायाचित्रणात रूढ केले. इंग्लंडला परतल्यावर हर्शेल या नव्या विद्येचे नमुने पत्रांतून कोलकात्याला धाडीत असत. म्हणजे कॅमेरा हाती येण्यापूर्वी वीस-बावीस वर्षे या विद्येचे बीज त्यांच्या मनात पडलेले होते.

कॅमेरॉन कुटुंब १८४८ मध्ये इंग्लंडला गेले आणि १८६० मध्ये फ्रेशवॉटर येथे स्थायिक झाले. शेजार मिळाला तो राजकवी टेनिसन यांचा. सिलोनमधील आपल्या मळ्याच्या नावावरून त्यांनी घराला डिंबोला हे नाव दिले. कॅमेरा आल्यावर या घराचे रूपच पालटले. कोळशाच्या कोठीची अंधारखोली झाली. काचेच्या तावदानांचे कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून तेथे चित्रशाळा थाटण्यात आली. कोंबड्यांना मोकळे सोडून देण्यात आले. त्या कोणाच्या ताटात गेल्या नसाव्यात, अशी आशा बाईंनी पुढे आपल्या आठवणींत व्यक्त केली आहे. गंमत अशी की, ज्या कागदावर छायाचित्रे छापली जात, त्यावर अंड्यातील पांढऱ्या भागाचाच लेप दिलेला असे.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे केवळ कळ दाबणे नव्हते. प्रथम काच निष्कलंक स्वच्छ करावयाची. मग तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्राव असा ओतावयाचा की तो चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरेल. नंतर अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवावयाची. म्हणजे ती प्रकाशाला संवेदनशील होई. ही काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे आणि लेप वाळण्यापूर्वी धावत अंधारखोलीत नेऊन प्रतिमा उमटवावी लागे. साऱ्या खटाटोपासाठी अवघी दहा-पंधरा मिनिटे मिळत. त्यानंतर धुणे, वाळवणे, वार्निश देणे आणि शेवटी काचेखाली कागद ठेवून उन्हात छापणे. चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नसल्यामुळे जेवढी काच, तेवढेच चित्र. काचेवर धूळ बसली, बोट लागले किंवा द्राव ओघळला, तर त्याची खूण छापील चित्रात हमखास उतरे.

बाईंनी हे सारे बरेचसे एकट्यानेच, चुकत चुकत शिकून घेतले. फ्रेशवॉटरमधील एका शेतकऱ्याला तासाला अडीच शिलिंग देऊन त्यांनी समोर बसविले. चित्र उत्तम आले आणि आनंदाच्या भरात काचेच्या लेपावरच हात फिरल्याने ते पुसले गेले. पुढे दोन मुलांना एकत्र बसविले, तर त्यांतील एकाला ऐन वेळी हसू फुटले आणि काच वाया गेली. तेव्हा त्यांनी ॲनी फिलपॉट या बालिकेला एकटीला बसविले आणि किती रसायने व किती श्रम वाया जात आहेत, हे तिला कळकळीने सांगितले. ती स्थिर बसली. १८६४ सालच्या जानेवारीअखेरचा तो दिवस होता. ते चित्र बाईंनी त्याच दिवशी धुतले, छापले, चौकटीत बसविले आणि मुलीच्या वडिलांना देऊन टाकले. स्वतःचे पहिले यश म्हणून त्या याच चित्राचा उल्लेख करीत.

येथून पुढे त्यांच्या चित्रांचे जे वैशिष्ट्य ठरले, त्यावरच त्यांच्या हयातीत सर्वांत मोठा वाद झाला. छायाचित्र म्हणजे वस्तूची बिनचूक नोंद; कोटाचे बटण आणि भुवईचा केस लख्ख दिसलाच पाहिजे, अशी त्या वेळच्या जाणकारांची धारणा होती. बाईंची चित्रे धूसर होती. याला तांत्रिक कारणे होती. जवळून घेतलेल्या मोठ्या मुखचित्रात भिंगाचे तोंड रुंद उघडे ठेवले, की नाकाचा शेंडा आणि कान एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत. शिवाय ही काच मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. त्यामुळे त्या काळच्या काही भिंगांतून डोळ्यांना जे स्पष्ट वाटे, ते काचेवर तितके स्पष्ट उतरत नसे. त्यात बाईंच्या चित्रासाठी तीन ते सात मिनिटे स्तब्ध बसावे लागे. एवढ्या वेळात माणूस श्वास घेतो, त्याची पापणी लवते, मान कणभर ढळते. मात्र भिंग फिरविताना समोरची आकृती आपल्या डोळ्यांना सुंदर वाटली की त्या तेथेच थांबत. आणखी फिरवून ती अधिक रेखीव करण्याच्या भानगडीत पडत नसत. निदान हा भाग तरी त्यांच्या निवडीचा होता.

बोटांचे ठसे, ओघळ, चिरा हे सारेच दोष त्यांनी जाणूनबुजून ठेवले होते, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. त्यांतील पुष्कळसे घाईचे आणि अननुभवाचे फळ होते. लंडनच्या छायाचित्रण संस्थेने १८६४ साली त्यांना सदस्य करून घेतले खरे, पण छायाचित्रणविषयक नियतकालिकांतून त्यांच्या कामावर सतत टीका होत राहिली आणि त्या टीकेत तथ्यही होते. प्रश्न एवढाच की डाग पडलेली काच फेकून द्यावी की ठेवावी. समोरच्या माणसाचा भाव काचेवर उतरला असेल, तर बाई ती ठेवीत. व्यवसायिकाला गिऱ्हाइकाचे मन राखावे लागते. त्यांच्यावर असे कोणतेही बंधन नव्हते. बर्लिन येथील प्रदर्शनांत १८६५ साली त्यांना कांस्यपदक आणि १८६६ साली सुवर्णपदक मिळाले, तेव्हा मायदेशातील टीकाकारांना विचार करावा लागला असेल.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र त्यांचे काम अत्यंत जाणीवपूर्वक होते. बाजारातील चित्रशाळांत चेहऱ्यावर सर्व बाजूंनी सारखा उजेड पाडीत आणि मागे रंगविलेला पडदा, खांब, फुलदाणी अशी आरास मांडीत. बाईंनी ही आरास काढून टाकली. पडदे ओढून काचघरातील बराचसा उजेड त्या अडवीत आणि एकाच दिशेने येणारा प्रकाश चेहऱ्यावर घेत. मागे काळे कापड, अंगावर साधी शाल. त्यामुळे निम्मा चेहरा सावलीत जाई आणि पाहणाऱ्याचे लक्ष डोळ्यांवर खिळून राही. १८६५ साली त्यांनी पंधरा इंच लांब व बारा इंच रुंद काचेचा मोठा कॅमेरा घेतला; आता जवळजवळ खऱ्या आकाराचे मस्तक चित्रात मावू लागले. १८६७ साली हर्शेल यांचे जे चित्र त्यांनी घेतले, त्यात ही सारी विद्या एकवटली आहे. चित्र घेण्यापूर्वी त्यांनी त्या वृद्ध शास्त्रज्ञाला केस धुवून विस्कटलेले ठेवावयास लावले, असे सांगतात. काळोखातून उजळलेले ते पांढरे केस आणि थकलेले पण जागे डोळे पाहिले, की पदव्या सांगण्याची गरजच उरत नाही. टेनिसन, चार्ल्स डार्विन यांचीही चित्रे त्यांनी याच रीतीने घेतली.

थोरांच्या जोडीने घरातील माणसेही त्यांच्यासमोर बसत. मेरी हिलियर ही मोलकरीण त्यांच्या कित्येक चित्रांत येशूची माता झाली आहे. मेरी रायन हिची कथा तर कादंबरीत शोभेल अशी आहे. आईबरोबर भीक मागणाऱ्या या मुलीला बाईंनी घरी आणले, शिकविले आणि कामावर ठेवले. लंडनमधील एका प्रदर्शनात हेन्री कॉटन या तरुणाने तिचे चित्र पाहिले आणि १८६७ साली तिच्याशी विवाह केला. भारतात सनदी अधिकारी म्हणून आलेले हेच कॉटन पुढे १९०४ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पण सारेच आनंदाचे नव्हते. बाईंचा आग्रह मोडण्याची सोय घरच्या नोकरांना आणि लहान मुलांना कितपत होती, हा प्रश्न ती चित्रे पाहताना मनात येतो.

छायाचित्र घेतल्यानंतर त्यात फेरफार करण्याची कला त्या काळीही होती. ती केवळ संगणकाबरोबर आलेली नाही. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक काचा जुळवून एकच भव्य चित्र सिद्ध केले होते. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ साली पाच काचांतून मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र घडविले, तेव्हा छायाचित्रणात अशी बनवाबनवी चालावी काय, यावर मोठे वादंग माजले. बाईंचा कल निराळा होता. चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसून तो गुळगुळीत करणे त्यांना मान्य नव्हते. पण चित्राला हवे असेल तर काचेवर सुई चालविण्यास त्या कचरत नसत. टेनिसन यांच्या आर्थर राजाविषयीच्या काव्यासाठी त्यांनी १८७४ व १८७५ साली चित्रे केली. राजाच्या अंतिम प्रवासाच्या चित्रात पाण्यासाठी पातळ कापड पसरलेले आहे आणि आकाशातील चंद्र काचेवरचा लेप खरवडून काढलेला आहे. या कामगिरीतील पहिल्या बारा चित्रांसाठी त्यांनी २४५ काचा खर्ची घातल्या. ही चित्रे प्रकाशकाने लाकडी ठशांवरून लहान आकारात छापली, तेव्हा त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी मूळ आकारातील छायाचित्रांचे ग्रंथ स्वतःच काढले. आज पाहता ही नाटकी चित्रे त्यांच्या मुखचित्रांपुढे फिकी वाटतात. खोट्या चंद्रापेक्षा हर्शेल यांचे खरे केस अधिक उजळलेले आहेत.

या छंदातून पैसा मिळावा, अशीही त्यांची इच्छा होती. सिलोनमधील कॉफीच्या झाडांवर १८६९ पासून तांबेरा रोग पडला आणि मळ्यांचे उत्पन्न घटत गेले. बाईंनी चित्रांचे हक्क नोंदविले, प्रदर्शने भरविली, प्रती विकल्या. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली, इतकेच नव्हे तर १८६८ मध्ये काम करण्यासाठी दोन दालनेही दिली. तरीही खर्चाची तोंडमिळवणी होईना. १८७३ साली कॅमेरा देणारी लेक बाळंतपणात वारली.

१८७५ साली पती-पत्नींनी डिंबोला सोडून सिलोनची वाट धरली. वृद्धपणी परक्या ठिकाणी मरण आले तर अडचण नको, म्हणून त्यांनी सामानाबरोबर दोन शवपेट्याही नेल्या. तेथील दमट उष्ण हवेत ओल्या काचेचे काम अतिशय कठीण झाले. तीसहून कमी चित्रे त्या काळातील म्हणून आज उपलब्ध आहेत. कळुतरा येथील शेतकरी आणि मळ्यांवर राबणारी माणसे यांची ती चित्रे आहेत. इंग्लंडमधील आपल्या चित्रांखाली बाई बहुधा माणसाचे किंवा त्याने घेतलेल्या पात्राचे नाव स्वहस्ते लिहीत. सिलोनमधील या माणसांची नावे बहुतेक ठिकाणी नोंदलेलीच नाहीत. ती कॅमेऱ्याकडे सरळ, काहीशा परकेपणाने पाहतात.

२६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनच्या डोंगराळ भागात, दिकोया खोऱ्यातील मळ्यावर कॅमेरॉनबाईंचे निधन झाले. बोगवंतलावा येथील लहानशा चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. पुढच्याच वर्षी पतीही गेले. फ्रेशवॉटरमधील डिंबोला हे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.