दादासाहेब फाळके : ख्रिस्तचरित्रपटापासून हरिश्चंद्रापर्यंत

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांना परिचित आहे. परंतु त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारा चित्रपट प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील होता, हे आपल्या भाविकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. २००९ साली परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ज्यांनी पाहिला, त्यांना तो प्रसंग आठवेल.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. घर वेदशास्त्रसंपन्न, वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र कलेकडे होता. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण आत्मसात केले. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असताना प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. छपाईच्या व्यवसायात नाव मिळवले, पण भागीदारांशी मतभेद होऊन तोही सोडावा लागला. वयाची चाळिशी आली आणि हाती काहीच उरले नव्हते.

१९१०-११ च्या सुमारास अशा मनःस्थितीत त्यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचा जन्म, चमत्कार, दुःखसहन व क्रूसावरील मरण सरकत होते आणि फाळक्यांच्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यांनी लगेच सरस्वतीबाईंना नेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहिला. त्यानंतर विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, अहोरात्र चित्रपट पाहून दृष्टी काही काळ अधू झाली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन परतले.

येथे एखादा भाविक विचारील, ख्रिस्त पाहून त्यांना कृष्णच का आठवावा? हा प्रश्न मनाला थोडा बोचतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याची ज्या देवावर श्रद्धा, त्यालाच तो पडद्यावर पाहू इच्छिणार. आपल्या मराठीत याच्या उलट दिशेचा प्रवास तीन शतके आधीच घडला होता. गोमंतकात इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ख्रिस्ताची कथा पुराणाच्या ओवीबद्ध साच्यात सांगितली. त्यांनी पुराणाचा साचा ख्रिस्तासाठी घेतला, तर फाळक्यांनी ख्रिस्तपटाचे माध्यम पुराणासाठी. आपल्याजवळच्या वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतींवर रामायण व महाभारताचे प्रसंग कोरलेले आहेत. कथा डोळ्यांनी वाचण्याची सवय या भूमीला फार जुनी आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. दत्तात्रय दामोदर दाबके राजा झाले. स्त्रिया कामास तयार होईनात, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, तर फाळक्यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाई सर्वांचा स्वयंपाक करीत आणि फिल्मला छिद्रे पाडण्यासारखी तांत्रिक कामेही करीत. त्यांचे नाव आजही पुरेसे घेतले जात नाही.

ही कथा पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला परकी वाटत नाही. विश्वामित्र सत्त्वपरीक्षा पाहतात, राजाचे राज्य जाते, पुत्र मरण पावतो. येथे ईयोब आठवतो. मात्र ईयोब देवाला जाब विचारतो, तर हरिश्चंद्र शब्द पाळून गप्प राहतो. शेवटी पत्नीचाच शिरच्छेद करण्यासाठी तो खड्ग उचलतो आणि कॅमेऱ्याच्या करामतीने शंकर प्रकट होऊन त्याचा हात थांबवतात. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात इसहाकावर सुरी उगारलेला अब्राहाम नेमका असाच थांबवला जातो. रोहिदास पुन्हा जिवंत होतो, राज्य परत मिळते.

साम्य दाखवताना मर्यादाही पाळावी लागते. फाळक्यांनी ही कथा बायबलमधून घेतली नाही, पुराणातून घेतली, आणि तिच्यात ख्रिस्त लपला आहे असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. शिवाय मोठा भेद आहे तो गुलगुथ्यावर. तेथे कोणीही हात थांबवला नाही, पित्याने पुत्राला राखून ठेवले नाही. ज्या चित्रपटाने फाळक्यांना हलवून सोडले, त्यात त्यांनी हेच मरण पाहिले होते. इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते चर्च नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. ते वाचताना हा मूकपट उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

पुढे नाशिकला 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म' असे चित्रपट झाले. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. गिरगावात मनात उमटलेला कृष्ण अशा रीतीने पडद्यावर आला. बोलपटांचे युग आले आणि ते मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. ती १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.