आपल्या मिरवणुकीतले भगवानदादा

स्मरणिका समितीच्या तरुण मंडळींनी मला गुंतवणुकीवर चार शब्द लिहायला सांगितले होते. बँकेत ३५ वर्षं काढलेला माणूस दुसरं काय लिहिणार, असा त्यांचा समज असणार. मी हो म्हटलं, कागद घेऊन बसलोही. पण व्याजाचे दर सहा महिन्यांत बदलतात आणि स्मरणिका मात्र कपाटात २०-२५ वर्षं पडून असते. म्हणून परवानगी न घेताच विषय बदलला आहे. समितीने माफ करावं.

दरवर्षी आपल्या गणपतीच्या विसर्जनाला गेटपासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जो नाच होतो, तो आठवा. हात कोपरात वाकवायचे, खांदे हलवायचे, पाय जेमतेम उचलायचे, आणि चेहऱ्यावर जगाची फिकीर नसल्यासारखं हसू. सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना तो येतो. कोणी शिकवला? ज्यांनी शिकवला त्यांचं नाव आपल्या नातवंडांना बहुधा ठाऊक नसेल. मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा.

त्यांचं पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील मुंबईत कापड गिरणीत कामगार. त्यामुळे भगवानचं बालपण गेलं ते दादर-परळच्या गिरणगावात. शाळा लवकर सुटली, मजुरी करून झाली. पण मुलाला दोन गोष्टींचं वेड होतं, व्यायामाचं आणि सिनेमाचं. मी स्वतः नायगावच्या चाळीत वाढलो, त्यामुळे ही दोन वेडं त्या भागातल्या पोरांना कशी लागतात ते मी पाहिलेलं आहे. घरोघरी अशी मुलं होती. त्यातली बहुतेक पुढे गिरणीतच गेली. हा एक मात्र पडद्यावर गेला.

तेव्हा सिनेमा बोलत नव्हता. मूकपटाला धडधाकट शरीर, उड्या मारायची तयारी आणि बोलका चेहरा असला की भागत असे. हे तिन्ही भगवानकडे होतं. छोटी कामं मिळू लागली. पुढे सिनेमा बोलू लागला, तोवर या तरुणाने नुसतं कॅमेऱ्यासमोर न राहता कॅमेऱ्यामागचं कामही शिकून घेतलं होतं. १९३८ साली 'बहादूर किसान' या चित्रपटाच्या दिग्दर्शनात ते भागीदार झाले. त्यानंतर दहा-अकरा वर्षं त्यांनी कमी भांडवलाचे, हाणामारीचे चित्रपट एकामागून एक काढले. प्रतिष्ठित लोक ते बघायला जात नसत. बघायला जायचा तो कामगार. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी काय हवं असतं, हे गिरणी कामगाराच्या मुलाला कोणी सांगावं लागलं नाही. १९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' नावाचा तमिळ चित्रपटसुद्धा दिग्दर्शित केला. गिरणगावातल्या मराठी मुलाने तमिळ सिनेमा करणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१९४२ हे साल त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी लक्षात ठेवावं लागतं. त्या वर्षी ते जागृती पिक्चर्स या नावाने निर्माते झाले, ही चांगली गोष्ट. आणि त्याच वर्षी 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एक वाईट गोष्ट घडली. प्रसंगात त्यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि जवळजवळ तीन वर्षं उपचार चालले. तोपर्यंत त्या नायिका होत्या. त्यानंतर नायिकेची कामं संपली. पुढे त्याच बारीक झालेल्या डोळ्याने त्यांनी खाष्ट सासू अशी उभी केली की तिला तोड नाही, तो त्यांचा मोठेपणा. पण भगवानदादांचं चरित्र सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही. खातं लिहायचं तर जमा आणि नावे दोन्ही लिहायचं, एवढं बँकेने मला शिकवलं आहे.

जमेच्या बाजूला एक मोठी नोंद आहे. पुणतांब्याकडचा रामचंद्र नरहर चितळकर हा गुणी तरुण त्यांनी हेरला आणि १९४२ च्याच 'सुखी जीवन'मध्ये त्याला हिंदी चित्रपटाचा संगीतकार केलं. हेच आपले सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा. पुढे सगळं जग त्यांच्या चालींवर डोललं, पण पहिला दरवाजा भगवानदादांनी उघडला होता. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९४७ साली चेंबूरला त्यांनी स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा केला. तरीही त्यांची ओळख स्टंटपटवाला हीच राहिली. हाणामारी सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढावा, असं राज कपूर यांनी त्यांना सुचवलं. त्यातून १९५१ साली आला 'अलबेला'. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही भगवानदादाच. नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची, संगीत अण्णांचं. अण्णांनी चितळकर या नावाने लता मंगेशकरांबरोबर गाणीही गायली.

आजच्या मुलांनी 'अलबेला'ची गोष्ट जरूर ऐकावी. नायक प्यारेलाल हा गरीब घरातला साधा नोकरदार. डोक्यात नाटकाचं वेड. बहिणीच्या लग्नासाठी घरात पैसे जमवायचे असतात, नेमका तेव्हाच हा नोकरी घालवून बसतो. वडिलांशी खटका उडतो आणि मोठा झाल्याशिवाय परत येणार नाही म्हणून तो घर सोडतो. नाटक कंपनीत जातो, नाव कमावतो, घरी नियमित पैसे पाठवतो. पण ते पैसे घरी पोचतच नाहीत, मधल्या मधे गायब होतात. तो परततो तेव्हा घर उद्ध्वस्त झालेलं असतं. मनीऑर्डरवर घर चालण्याच्या त्या काळात ही गोष्ट प्रेक्षकांच्या काळजाला का भिडली असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि नाच! तोपर्यंत सिनेमातला नाच म्हणजे शिकलेल्या नर्तकीचं काम. भगवानदादा ना उंच, ना देखणे. अंगाने जाडजूड, चारचौघांसारखे. ते असे नाचले की बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, हे तर मलाही जमेल. ट्रंपेट, क्लॅरिनेट, बोंगो अशा विलायती वाद्यांवर गिरणगावातला गडी मजेत डुलतो, आणि शेजारी गीता बालीसारखी चपळ नटी तितक्याच आनंदाने नाचते. 'आवारा' आणि 'बाजी' हेही त्याच वर्षीचे. अशा तगड्या चित्रपटांच्या रांगेत 'अलबेला' जाऊन बसला.

मग पैसा आला. जुहूला समुद्राकाठी २५ खोल्यांचा बंगला होता आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात गाड्या होत्या, असं सांगतात. चाळीतल्या मुलाने स्वप्नात बघावं ते सगळं हाताशी आलं.

ते टिकलं मात्र नाही. १९५३ साली तीच नायिका आणि तोच संगीतकार घेऊन त्यांनी 'झमेला' काढला, पण 'अलबेला'ची जादू पुन्हा झाली नाही. पुढे एका चित्रपटात पैसा गुंतला आणि तो अर्धवट राहिला. १९६६ च्या 'लाबेला'नेही हात दिला नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओही गेला. माझ्यासारख्या बँकवाल्याला इथे शहाणपण शिकवायचा मोह होतो, की सगळी पुंजी एकाच धंद्यात घालू नये आणि राहतं घर धोक्यात आणू नये. हे खरंच आहे. पण एवढा हिशेब पाहणारा माणूस 'अलबेला' काढायलाही धजला नसता, हेही तितकंच खरं.

दादा दादरच्या चाळीत राहायला आले. खरं मोठेपण मला इथून पुढे दिसतं. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी' या पन्नाशीतल्या चित्रपटांत त्यांना बरी कामं मिळाली होती. नंतर ती लहान लहान होत गेली. कधी दोन वाक्यं, कधी नुसतं चार पावलं नाचून जायचं. जो एके काळी स्टुडिओचा मालक होता, तो दुसऱ्यांच्या सेटवर मिळेल ते काम करत राहिला. मान मोडून घेतली नाही आणि कामाला कमी लेखलं नाही.

१९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता. छायागीत लागलं की दारात चपलांचा ढीग पडे. जुन्या गाण्यात दादा नाचताना दिसले की म्हातारी माणसं बसल्या जागी खांदे हलवायची. तबस्सुमचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा गप्पांचा कार्यक्रमही आम्ही सोडत नसू. तिथे नट-नट्या छान नटूनथटून येत, हसत, जुन्या आठवणी सांगत. मुलाखत संपली की टीव्ही बंद, आम्ही झोपायला. त्यांच्यापैकी एखाद्याचे दिवस फिरल्यावर त्याच्या घरी कोण जात असेल, हा विचार मला त्या वयात कधी शिवला नाही.

भगवानदादांच्या घरी कोण जायचं ते मात्र नोंदलेलं आहे. वैभवाच्या काळातली बहुतेक माणसं पांगली. चाळीत भेटायला येत राहिले ते तिघे, अण्णा, राजेंद्र कृष्ण आणि ओमप्रकाश. एक संगीतकार, एक गीतकार, एक नट. तिघांनाही स्वतःची कामं होती, नाव होतं. तरी ते चाळीचा जिना चढत.

आणि गिरणगाव त्यांना विसरलं नाही. गणपतीच्या दिवसांत मिरवणुकीचा बँड त्यांच्या चाळीखाली थांबायचा, 'अलबेला'ची धून वाजवायचा, आणि दादा बाहेर येऊन नाचायचे, असं त्या भागातले लोक आजही सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला. पण त्यांचं खरं स्मारक मला रस्त्यावर दिसतं, दर अनंत चतुर्दशीला.

आता त्या जिना चढणाऱ्या तिघांकडे येतो, कारण मी हा लेख खरं तर त्यांच्यासाठी लिहितो आहे. आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. या काळात काही कुटुंबं मोठ्या घरात गेली, काही परदेशी गेली. पण एक-दोन कुटुंबं धंदा बसला म्हणून घर विकून गेली, हे आपल्यातल्या जुन्यांना माहीत आहे. त्यातल्या एका कुटुंबाच्या थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर खजिनदार म्हणून माझी सही आहे. त्या गृहस्थांनी पै न् पै चुकती केली होती. सामानाचा टेंपो गेटमधून बाहेर पडताना मी गॅलरीतून पाहिला. खाली उतरलो नाही. काय बोलावं कळेना, असं तेव्हा मनाला सांगितलं. नंतर पंधरा वर्षांत एक फोनही केला नाही. आपला गणपती बसवायच्या पहिल्या वर्षी मखर याच माणसाने स्वतःच्या हाताने केलं होतं.

समितीला माझी एकच विनंती आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमंत्रणांची यादी करताना आजच्या सभासदांबरोबर जुनी सभासद नोंदवहीही उघडावी. ज्यांच्या नावावर रेघ मारली आहे, त्यांचेही पत्ते शोधावेत. या एका घरी मी स्वतः निमंत्रण घेऊन जाईन. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढेन. आणि ते आले तर विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यांना पुढे घेऊ. नाच तर आपल्या सगळ्यांना येतोच.