जन्मताना गुदमरलेलं बाळ वाचलं, तरी मेंदूला इजा होऊ शकते हे सांगणारा डॉक्टर स्वतः लंगडत होता

लंडनमध्ये एक सराय होती. १८१० मध्ये ती चालवणाऱ्या जोडप्याला मुलगा झाला, विल्यम जॉन लिटल. लहानपणीच पोलिओ झाला आणि त्याचं डावं पाऊल आत वळलं.

पोरगा पुढे डॉक्टर झाला. पण त्याच्या पायाला चाकू लावायला लंडनचे सर्जन तयार नव्हते. तेव्हा अशी जखम चिघळली तर जीवच जायचा. शेवटी गडी जर्मनीत हॅनोव्हरला गेला. तिथे स्ट्रोमायर नावाचे सर्जन कातडीला बारीकसं छिद्र पाडून टाचेमागची शीर कापायचे. १८३६ मध्ये लिटलचं ऑपरेशन झालं आणि पाऊल सरळ झालं. लंडनला परतून त्याने हेच ऑपरेशन सुरू केलं, हाडांचं हॉस्पिटलही काढलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

त्याच्याकडे वाकड्या पायांची मुलं येऊ लागली. पोलिओत पाय लुळा पडतो. पण यातल्या काहींचे पाय ताठ होते, चालताना कात्रीसारखे एकमेकांवर जायचे. लिटलने त्यांच्या जन्माची हकीगत जमवली. कुणी दिवस भरायच्या आत जन्मलेलं, कुणाच्या वेळी आई अडलेली, कुणी जन्मल्यावर बराच वेळ रडलंच नव्हतं.

१८६१ मध्ये त्याने लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत हे मांडलं. तोवर प्रश्न असायचा, मूल जगलं की गेलं? लिटलचं म्हणणं होतं, जगलेल्या मुलाच्या मेंदूलाही त्या गुदमरण्यात इजा झालेली असू शकते. या आजाराला पुढे लिटल्स डिसीज म्हणू लागले. आज आपण त्याला सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार म्हणतो.

पण पायच का? पायांकडे जाणारे मेंदूतले तंतू आतल्या पोकळ्यांच्या अगदी कडेने जातात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात नेमका तोच भाग नाजूक असतो. रक्त आणि ऑक्सिजन कमी पडला की आधी तो मार खातो. लिटलकडे ना स्कॅन होता, ना एमआरआय.

१८९४ मध्ये लिटल वारला. तीनच वर्षांनी एका डॉक्टरने त्याचं म्हणणं खोडायला घेतलं. कोण? सिग्मंड फ्रॉइड! होय, तोच, स्वप्नांचा अर्थ लावणारा. त्याच्या मते बिघाड गर्भातच झालेला असू शकतो आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असेल. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मूल अधू निघालं की बोट बाळंतपणाकडेच जायचं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं, की जन्मावेळचं गुदमरणं हे फार थोड्या मुलांमध्ये कारण असतं.

आज गुदमरलेल्या, दिवस भरलेल्या बाळाला पहिल्या ६ तासांत थंड करून ७२ तास तसंच ठेवतात. श्रीमंत देशांत याने मेंदू वाचतो. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या बाळांवर झालेल्या चाचणीत २०२१ मध्ये उलटं दिसलं, फायदा नाहीच, मृत्यू जास्त. संशोधकांनी एक शक्यता मांडली, ती अशी, की यातल्या बऱ्याच बाळांना ऑक्सिजन कमी पडायला जन्माच्या आधीच सुरुवात झाली असावी.