मात्तेओत्ती आणि रिकामी बाके

10 जून 1924 रोजी तिसऱ्या प्रहरी रोम शहरात टायबर नदीच्या काठाने पार्लमेंटकडे पायी निघालेल्या एका सभासदास फॅसिस्टांच्या टोळीने मोटारीत कोंबून पळवून नेले. दोन महिन्यांनी, 16 ऑगस्टला, शहराबाहेरच्या रानात त्यांचे प्रेत सापडले. जाकोमो मात्तेओत्ती यांचे वय तेव्हा अवघे 39 वर्षांचे होते. त्यांचे हौतात्म्य जगाने गौरविले. त्यातून निघणारा धडा मात्र फारच थोड्यांनी ध्यानी घेतला.

1885 साली उत्तर इटलीतील फ्रात्ता पोलेझिने या गावी, एका सधन जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. बोलोन्या येथे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी आयुष्य वेचले ते शेतमजुरांसाठी. हिशेब, अंदाजपत्रके आणि कायद्याची कलमे हेच त्यांचे शस्त्रागार होते. 1919 मध्ये ते पार्लमेंटवर निवडून आले. फॅसिस्ट टोळ्या मजूरसंघांच्या कचेऱ्या जाळीत सुटल्या तेव्हा त्यांनी शिवीस शिवीने उत्तर दिले नाही. अत्याचारांची तपशीलवार नोंद ठेवली आणि ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

1923 च्या नव्या निवडणूक कायद्याने किमान चतुर्थांश मते मिळवून पहिल्या येणाऱ्या यादीस दोन-तृतीयांश जागा बहाल केल्या. अशा कायद्यापुढे फुटलेला विरोध म्हणजे आत्मघातच. तरीही समाजवाद्यांचे दोन पक्ष, कम्युनिस्ट, कॅथलिकांचा लोकपक्ष आणि उदारमतवादी 6 एप्रिल 1924 च्या निवडणुकीस वेगवेगळे सामोरे गेले. या दोषातून मात्तेओत्तीही मुक्त नव्हते. कम्युनिस्टांशी हातमिळवणी करण्याचे त्यांनी नाकारले होते. दहशतीच्या छायेत मतदान झाले आणि मुसोलिनीच्या यादीने प्रचंड बहुमत मिळविले.

पराभवानंतर मात्तेओत्ती घरी बसले नाहीत. 30 मे रोजी भर सभागृहात, शिव्या आणि धमक्यांच्या गदारोळात, त्यांनी उमेदवारांवरील हल्ले व मतदारांवरील सक्ती यांचा पाढा वाचून त्या निवडणुकीच्या वैधतेलाच आव्हान दिले. पुढे अकराच दिवसांनी त्यांना उचलून नेण्यात आले.

देश संतापाने पेटला, मुसोलिनीचे आसन डळमळू लागले. नेमक्या त्याच क्षणी विरोधी सभासदांनी सभागृहाचा त्याग केला. प्राचीन रोममधील प्रजाजन रुसून आव्हेंतिन टेकडीवर गेले होते, त्या घटनेवरून या बहिष्काराला नाव पडले. कम्युनिस्ट काही महिन्यांनी सभागृहात परतले. बाकीचे राजा मुसोलिनीस बडतर्फ करील याची वाट पाहत राहिले. राजा हलला नाही. 3 जानेवारी 1925 रोजी मुसोलिनीने घडल्या प्रकारांची राजकीय जबाबदारी उघडपणे शिरावर घेतली, तेव्हा त्यास जाब विचारणारी बाके जवळजवळ ओस होती. नोव्हेंबर 1926 मध्ये बहिष्कार घालणाऱ्यांची सभासदत्वेही रद्द झाली.

बहिष्कारामागील संताप न्याय्य होता, यात शंका नाही. परंतु सभागृह सोडणाऱ्यांनी रस्त्यावर, कारखान्यांत आणि शेतमळ्यांत जनतेची चळवळ उभारली नाही, तर तो त्याग निव्वळ मौन ठरतो. आणि मौन हे जुलमी सत्तेला सर्वांत सोयीचे असते. मात्तेओत्तींनी प्राण गमावले, पण आपली जागा सोडली नाही. त्यांचा शोक करणाऱ्यांनी प्राण जपले आणि जागा सोडली. लोकशाही वाचवू पाहणाऱ्या प्रत्येक विरोधी पक्षाने, मग तो कोणत्याही देशातील असो, या दोन वाटांतील अंतर नीट मोजून पाहावे.