लोकमान्यांचे सखा काका बॅप्टिस्टा

श्रीगणेशोत्सवातून लोकमान्यांनी तरुणांना राष्ट्रकार्याची दीक्षा दिली. त्यांचा एक जिवलग सहकारी ख्रिस्तभक्त होता, हे भाविकांनी अवश्य स्मरावे.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १८६४ साली मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. पुण्यास अभियांत्रिकी शिकून ते वनखात्यात रुजू झाले. पुढे ती नोकरी सोडून केंब्रिजला गेले व बॅरिस्टर झाले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे. परंतु अन्यायावर धर्माचे पांघरूण त्यांनी कधी घातले नाही. १९१० मध्ये सत्तावीस वर्षांच्या सावरकरांच्या बचावार्थ ते न्यायालयात उभे राहिले. १९१६ मध्ये बेळगावी स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले. १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत ते अग्रणी होते, तर १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. लोक त्यांना प्रेमाने काका म्हणत. १९३० साली ते निवर्तले.

पुढे बारा वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, आपल्या नंदुरबारात पंधरा वर्षांच्या शिरीषकुमारने स्वराज्यासाठीच देह ठेवला. वयाने, पंथाने भिन्न असे हे दोघे एकाच मातेचे पुत्र. उत्सवमंडपातील तरुणांनी आरतीनंतर या दोघांचेही पुण्यस्मरण करावे.