संत बहिणाबाई : संसार आणि विठ्ठल

संतांची चरित्रे आपण आदराने ऐकतो. परंतु त्यांच्या घरात काय घडले, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळजवळील देवगाव येथे कुलकर्णी घराण्यात झाला. बालवयातच शिऊरच्या पाठक घराण्यातील तिशीच्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. पती वेदविद्येत निपुण, पण कोपिष्ट. पुढे ऋणापायी कुटुंबास गाव सोडावे लागले व फिरत फिरत ती मंडळी कोल्हापुरास आली.

तेथे दानात मिळालेल्या गाईचे वासरू बहिणाबाईंच्या मागोमाग कीर्तनासही जाई. एकदा जयरामस्वामींच्या कीर्तनात दाटी झाली म्हणून लोकांनी त्यास बाहेर घालविले. स्वामींनी ते आत आणविले आणि वासराबरोबर या बालिकेच्याही मस्तकी हात ठेवला. गावात चर्चा झाली. संतप्त पतीने बहिणाबाईंना मारून बांधून ठेवले. पुढे वासरू मरण पावले. त्या दुःखातच तुकोबांचा स्वप्नोपदेश झाला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. शूद्र गणलेल्या पुरुषास ब्राह्मण स्त्रीने गुरू मानावे, हे पतीस असह्य झाले. ते घर सोडण्यास निघाले.

पतीस सोडावे तर धर्म बुडतो, विठ्ठलास सोडावे तर प्राण राहत नाही, अशा कोंडीत त्या तरुण स्त्रीचे मन सापडले. स्त्रीजन्मास वेदाधिकार नाही, ही खंत वेगळीच. तरी त्यांनी पतिसेवा टाकली नाही आणि नामही टाकले नाही. अखेर आजारपणात पतीचे मन पालटले आणि सर्व मंडळी देहूस गेली. तेथे मंबाजींचा छळही त्यांनी सोसला. जन्माने नव्हे, तर ज्ञानाने ब्राह्मण्य येते, हे सांगणारी वज्रसूची त्यांनी मराठीत आणली. १७०० साली शिऊर येथे त्यांनी देह ठेवला.

आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. त्या वैदिक पतीचा अभिमान आम्हांस परका नाही, म्हणूनच हे चरित्र बोचते. हरणीच्या भीडभंजन मारुतीच्या दर्शनास शनिवारी आपण सहकुटुंब येतो. घरातील लेकीसुनांच्या भक्तीस आपणच तर आड येत नाही ना, हे प्रत्येकाने एकवार मनाशी विचारावे, एवढीच नम्र प्रार्थना.